फिरत्या घरातले पाच दिवे

“लागला का?” इंदूने बाहेरून विचारलं.

“लागेल,” मी आतून म्हणालो.

“कालपण हेच म्हणाला होतात.”

“काल फ्यूजवर संशय होता. आज स्विचवर आहे.”

“उद्या माझ्यावर घ्याल,” असं म्हणून ती शेंगदाणे भाजायला घरात निघून गेली.

मी त्या वेळी आमच्या बसमध्ये, लोखंडी पलंगाखाली, पालथा पडलो होतो. तोंडात टॉर्च, हातात पक्कड आणि कपाळाला पलंगाचा कोपरा लागून आलेलं टेंगूळ. बाहेर लख्ख दुपार होती. आत पडदे ओढून घेतलेले होते, कारण दिवा लागला की तो दिसायला हवा. पडद्यांची गरज अजून तरी पडलेली नव्हती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनची नोकरी करून मी नुकताच निवृत्त झालो होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्या पणजीपासून नागपूरपर्यंत फिरून आल्या, पण मी स्वतः आयुष्यभर घर ते डेपो आणि डेपो ते घर एवढाच फिरलो. इंदूने तर समुद्र पाहिलेला नव्हता. लग्नात मी तिला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, आणि दर वर्षी दिवाळीच्या गर्दीत माझी रजा रद्द झाली की ते कबूल केलेलं पुढच्या वर्षावर जायचं.

म्हणून निवृत्तीनंतर एका शाळेची जुनी मिनिबस घेतली. सीटा काढून टाकल्या. सुताराने आतून जमिनीला आणि भिंतींना प्लाय मारून दिला, वर रबरी मॅट अंथरली. एका कडेला ओटा, एका कडेला लोखंडी पलंग, पलंगाखाली दिव्यांसाठी वेगळी बॅटरी. फिरतं घरच म्हणा ना. विट्यातल्या आमच्या गल्लीने तिचं नाव ‘गुरवाची वरात’ ठेवलं, कारण यशवंत गुरव हे माझं नाव आणि ती बस बाहेरून अजून पिवळीधमक होती. गल्लीसमोर मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, सुतारकाम सुताराचं, पण दिव्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. बारा व्होल्टचे पाच दिवे, ते तर माझ्या डाव्या हाताचं काम.

आणि नेमके ते पाचच दिवे लागत नव्हते. चार दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी निघायचं, आणि आज मंगळवार.

इंदूचं म्हणणं एकच होतं. “अनोळखी गावात, मिट्ट अंधाऱ्या डब्यात मी एक रात्र काढायची नाही. दिवे लागले तर गुरुवारी निघू. नाही लागले तर बस विकून टाका, मी समुद्र टीव्हीवर बघेन.” ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती समजूतदारपणे म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा हातात शेंगदाण्यांचं ताट होतं. पायरीवर बसून टरफलं पाखडता पाखडता म्हणाली, “दस्तगीरभावजींना बोलवू का?”

“त्याला कशाला? तो घरगुती वायरमन. त्याला गाडीतलं काय कळतं?”

“तुम्हाला तरी कुठं कळतंय?”

मी फ्यूज काढून उगाच पुन्हा बघितला.

“सात वर्षं झाली,” ती म्हणाली. “चार घरं पलीकडे राहतात, पण त्यांनी आपल्या घरचा चहा घेतला नाही की तुम्ही त्यांच्या घरचा. तुमच्यात झालं तरी काय?”

“आमच्यात काही झालेलं नाही.”

ते खोटंही नव्हतं. आमच्यात काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते एकट्या माझ्या बाजूने झालं होतं, आणि त्याबद्दल मी मूग गिळून बसलो होतो.

त्याआधीची वीस वर्षं दस्तगीर मुजावर आणि मी रोज चारचा चहा एकत्र घ्यायचो. एक चहा त्याच्या घरी, दुसऱ्या दिवशी माझ्या. चेष्टा ठरलेली. घरातल्या विजेला दोन तारा लागतात, एक जायची आणि एक परतीची. गाडीत एकच तार ओढतात, कारण गाडीची लोखंडी बॉडी हीच परतीची तार. म्हणून तो मला ‘एकतारी’ म्हणायचा. “ह्याला अर्धंच काम येतं,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मी म्हणायचो, एका तारेत भागत असताना जो दोन ओढतो त्याला उधळ्या म्हणतात. खैरुनभाभी, त्याची बायको, दोघांनाही वेड्यात काढायच्या.

पुन्हा पलंगाखाली शिरलो. इंदू ताट घेऊन गेली ती घरात गेली असेल असं मला वाटलं. दहा मिनिटांनी बसच्या दाराशी आवाज आला.

“एकतारी हाय का आत?”

मी बाहेर डोकं काढलं आणि दुसरं टेंगूळ आणलं.

दस्तगीर दारात उभा होता. दाढी पांढरी झाली होती, पण कमरेचा खाकी पाऊच तोच. “वैनीनं बोलावलंय,” तो म्हणाला. “तू बोलावला न्हाईस, ते ठाव हाय मला.”

त्याने पायरीवर चपला काढल्या. मी म्हटलं, “अरे, बस आहे. चपला राहू दे.”

“घर हाय न्हवं?” असं म्हणून तो अनवाणी आत आला. पलंगाकडे, ओट्याकडे, छतावरच्या दिव्यांकडे शांतपणे बघितलं. मग मांडी घालून खालीच बसला.

“दिव्याला तारा किती?”

“दोन. लाल आणि काळी.”

“लाल कुठं जाती?”

“बॅटरीच्या प्लसला. मध्ये फ्यूज, मग स्विच.”

“काळी?”

“बॉडीला. छताच्या पत्र्याला स्क्रू मारलाय.”

“आन् बॅटरीचा मायनस?”

“तोही बॉडीला. हा बघ, पलंगाच्या पायाला बोल्ट मारून कसून बसवलाय.”

“पलंग म्हंजी बॉडी?”

“लोखंड आहे की!”

“माझ्या घरातला तवाबी लोखंडाचा हाय,” दस्तगीर म्हणाला.

मला हसू आलं, पण ते त्याच्या अज्ञानाला. म्हटलं, आता याला दाखवूनच द्यावं. टेस्ट लॅम्प घेतला. डेपोतला माझा जुना सोबती तो, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोचा, मध्ये छोटा बल्ब. चिमटा पलंगाला लावला आणि टोचा लाल तारेला टेकवला. बल्ब झगझगीत लागला. स्विचच्या पुढे टेकवला, तिथेही लागला. अगदी पहिल्या दिव्याच्या लाल तारेपर्यंत जाऊन दाखवलं.

“बघितलंस? करंट सगळीकडे आहे. चार दिवस हेच बघतोय मी. करंट आहे आणि दिवा नाही.”

“चिमटा पलंगाचा काढ,” तो म्हणाला. “छताला लाव.”

“त्याने काय फरक पडणार? लोखंड ते लोखंड.”

“लाव तर.”

मी चिमटा काढून छताच्या उघड्या पत्र्याला लावला आणि टोचा लाल तारेला टेकवला. बल्ब लागला नाही. टोचा घासला, दाबला. नाहीच. चिमटा परत पलंगाला लावला. लागला.

दस्तगीरने मॅटवर हात फिरवला. “पलंगाच्या खाली काय हाय?”

“रबर.”

“त्येच्या खाली?”

“प्लाय,” मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला सगळं दिसलं.

एकतीस वर्षं गाडीतल्या कुठल्याही लोखंडाला चिमटा लावायची सवय. एसटीत सीटची दांडी घ्या, खिडकीची चौकट घ्या, सगळं शेवटी बॉडीलाच भिडलेलं. आमचा पलंग मात्र सुताराने लाकडाला स्क्रू मारून बसवला होता. बॅटरीची परतीची वाट पलंगापर्यंत यायची, दिव्यांची परतीची वाट छतापर्यंत, आणि मध्ये रबर नि प्लाय. तपासायला बसलो की मी नेमका पलंगालाच चिमटा लावत होतो, त्यामुळे टेस्ट लॅम्प दर वेळी लागायचा आणि मी दर वेळी दिव्यांना शिव्या द्यायचो. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी दोन स्विच, तीन फ्यूज आणि एक दिवा बदलून बसलो होतो.

दस्तगीरने पाऊचमधून हातभर तार काढली आणि पकडीने दोन्ही टोकं सोलली. एक टोक पलंगाच्या बोल्टात अडकवलं, दुसरं खिडकीजवळच्या पत्र्यातल्या उघड्या स्क्रूला गुंडाळलं.

पाचही दिवे लागले.

“अगंबाई!” इंदू दारातच होती म्हणजे. तिने आत येऊन एकेक दिव्याखाली उभं राहून बघितलं, ओट्यावरच्या दिव्याखाली हात धरून स्वतःच्या बांगड्या बघितल्या. मग घरात जाऊन चहा टाकला. बसमध्येच आणला, तीन कप. सात वर्षांनी दस्तगीरने आमचा चहा घेतला. मला आनंद झाला म्हणू की भीती वाटली म्हणू? दोन्ही एकदम झालं.

“तुझं बरं हाय, एकतारी,” तो दिव्यांकडे बघत म्हणाला. “फॉल्ट घावला. फॉल्ट घावला की वायरमनला झोप लागती.”

“तुझ्यामुळे सापडला.”

“मला माझा घावला न्हाई अजून.” त्याने कप दोन्ही हातांत धरला. “पोरीच्या, जैनबच्या लग्नातला.”

इंदूने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं.

“फ्यूज उडाली म्हंजी कुठंतर शॉर्ट झालंच असणार,” तो बोलत राहिला. इतके दिवस कुणी ऐकणारं मिळालं नव्हतं, असा बोलत राहिला. “मी नवी फ्यूज घातली, लाईट आली, ती रातभर ऱ्हायली. दुसऱ्या दिवशी मांडव उतरताना हात हात तार तपासली. कुठं काळा डाग न्हाई, कुठं जळका वास न्हाई. मग उडाली कशी? वैनी, तवापासनं मी मांडवाचं काम घेत न्हाई. इचारलं कुणी तर सांगतो, कंबर धरती. कंबर कशाला धरतीय. स्वतःच्या पोरीच्या लग्नातला फॉल्ट घावला न्हाई त्यो माणूस लोकांच्या लग्नात उजेड काय पाडणार?”

“जाऊ द्या हो भावजी,” इंदू म्हणाली.

“मी जाऊ दीन. तिचा सासरा न्हाई देत. अजून म्हणतो, आमची थोरली सून अंधारात आली.”

मी गप्प बसलो असतो तर काहीही बिघडणार नव्हतं. दिवे लागले होते. गुरुवारी निघायचं पक्कं झालं होतं. दोस्त घरी चहाला आला होता. अशा वेळी तोंड उघडणारा माणूस शहाणा नव्हे. पण पलंगाखालची माझी चूक त्याने एका चहाच्या आत शोधून दिली आणि एका शब्दाने टोचून बोलला नाही, आणि त्याची चूक, जी त्याची नव्हतीच, ती सात वर्षं माझ्यापाशी होती.

“दस्तगीर,” मी म्हणालो, “तो फॉल्ट माझ्याकडे आहे.”

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा.

मग मी सांगितलं. त्यांच्यात निकाह झाल्यावर जलवा असतो. नवरा-नवरीला एका चादरीखाली बसवतात, मध्ये आरसा ठेवतात, आणि त्या आरशात दोघं एकमेकांचं तोंड पहिल्यांदा बघतात. त्या संध्याकाळी खैरुनभाभी मला म्हणाल्या होत्या, “यशवंतभाऊ, आरशावर एक दिवा पायजे, त्यात तोंड दिसाय पायजे.” दस्तगीर पाहुण्यांत अडकला होता. म्हटलं, त्याला कशाला त्रास, आपण काय अडाणी आहोत? वायर तोकडी पडली, म्हणून तुकडा जोडला. दोन तारांचे दोन जोड. घरगुती वायरमन ते दोन जोड कधी शेजारी शेजारी देत नाही, एक इथे देतो तर दुसरा चार बोटं पुढे, म्हणजे टेप निसटली तरी ते एकमेकांना लागत नाहीत. मी जन्मभर एकाच तारेचं काम केलेला माणूस. जोडाला शेजार असतो हेच मला ठाऊक नव्हतं. समोरासमोर दिले आणि वर टेप गुंडाळली.

जलव्याला बायकांची गर्दी झाली, कुणी तरी कनात ओढली, तार ताणली गेली आणि माझ्या डोक्यावर ‘ठप्प’ असा आवाज झाला. सगळा मांडव काळोखात बुडाला. मी कनातीच्या बाहेर होतो. मला एका क्षणात कळलं काय झालं ते. आणि मी काय केलं असेल? ओरडून सांगितलं नाही. अंधारात ती तार हिसकली, तोडली, दिव्यासकट गुंडाळून पिशवीत घातली, आणि घरी येऊन माळ्यावर टाकली. त्या गडबडीत तो दिवा भाभींच्याही लक्षातून गेला. मग परत जाऊन लोकांबरोबर मीही विचारलं, काय झालं हो?

“दुसऱ्या दिवसापासून तुझ्यासमोर चहा पिणं मला जमेना,” मी म्हणालो. “म्हणून येणं बंद केलं.”

दस्तगीरने कप खाली ठेवला. उठला. खिडकीजवळच्या स्क्रूची तार सोडवली, पलंगाच्या बोल्टातून काढली. पाचही दिवे गेले. ती हातभर तार त्याने बोटांभोवती गुंडाळून पाऊचमध्ये टाकली.

“ही माझी तार हाय,” तो म्हणाला. चपला घातल्या आणि गेला.

इंदू पलंगाच्या काठावर बसली होती. पडदे अजून ओढलेले, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता.

“मलापण नाही सांगितलंत,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी रोज विचारत होते.”

“हो.”

मग थोड्या वेळाने तिने विचारलं, “दिवे आता तुम्हाला लावता येतील?”

“येतील. हातभर तारेचं काम आहे. घरात तार आहे.”

“मग लावू नका,” ती उठत म्हणाली. “आधी तिकडे जाऊन या. समुद्र कुठं पळून जात नाही.”

तीस वर्षं ज्या बाईने वाट बघितली तिने हे म्हणावं! मला तेव्हा जेवढी लाज वाटली, तेवढी पिशवीत तार घालतानाही वाटली नव्हती.

दस्तगीर त्याच्या घराबाहेरच्या कट्ट्यावर बसला होता. ऊन कललं होतं. मला बघून तो सरकला नाही, पण उठलाही नाही. मी कट्ट्याच्या कडेला टेकलो.

“तार मागायला आलायस?”

“नाही.”

“मग?”

“तू सांगशील ते करायला.”

“मला काय करायचंय? मला कळलं, संपलं.” तो रस्त्याकडे बघत होता. “सासऱ्याचं बोलणं मी ऐकत न्हाई. ती ऐकती. जैनबला सांग.”

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि कट्ट्यावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. खैरुनभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

जैनबला मी लहानपणी सायकल शिकवली होती. तिला “हॅलो” म्हणून मी सुरुवात केली, मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. तार, जोड, पिशवी, माळा, सगळं. मग फोन चालू आहे ना, ते वाकून बघितलं.

“काका,” ती म्हणाली, “अब्बा तिथंच हायत का?”

“हाय,” दस्तगीर म्हणाला.

“मग ऱ्हाऊ दे.”

“बोल.”

“लाजल्यागत होतंय.”

“बोल गं.”

“लाईट गेली तवा बायका लागल्या वरडायला,” जैनब म्हणाली. “मी चादरीखाली. आरशात नुसता काळोख. त्यात ह्यांनी हळूच विचारलं, भ्यालात का? हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. मी म्हटलं, न्हाई. माझे अब्बा वायरमन हायत, आत्ता येती लाईट.”

दस्तगीरने मान खाली घातली.

“आन् आली,” ती म्हणाली. “आली तवा आरशात बघितलं तर हे हसतच होते. अजून कधी लाईट गेली की हे पोरास्नी सांगतात, गप बसा, तुमचे नाना वायरमन हायत, आत्ता येती.”

“हे तू मला कधी सांगितलं न्हाईस,” दस्तगीर म्हणाला.

“तुम्ही त्या दिवसाचं नाव काढू दिलंत का, अब्बा? कुणी विषय काढला की उठून जायचात.”

त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. नुसते डोळे पुसले तर दिसेल, म्हणून सगळं तोंड पुसलं. मीही माझ्या शर्टाच्या बाहीला तेच काम दिलं. भाभी तेवढ्या उघडपणे रडल्या, त्यांना कुणाची भीती नव्हती.

“सासऱ्यांना कोण सांगणार?” शेवटी जैनबने विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

“फोनवर नको हं, काका. त्यांना फोनवरचं खरं वाटत न्हाई.”

“तोंडावर सांगेन. येतो तिकडे.”

“ती पिवळी गाडी घेऊन? अम्मी सांगत होती.”

फोन बंद झाल्यावर दस्तगीरने तो खिशात टाकला. मग पाऊचमध्ये हात घालून ती हातभर तार बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत आत टाकली. “ही बारीक पडंल,” तो म्हणाला. “जाड तार लागंल, आन् दोन्ही टोकांला थिंबलची टोपी. चल, उजेड हाय तवर करून टाकू. तू नुसता टॉर्च धरायचा.”

मी नुसता टॉर्च धरला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आम्ही निघालो, पण समुद्राकडे नाही. मंगळवेढ्याकडे, जैनबच्या सासरी. पुढे मी आणि दस्तगीर, मागे पलंगावर इंदू आणि खैरुनभाभी, मध्ये भाजक्या शेंगदाण्यांचा डबा. गल्लीतली पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे वरात बघायला बाहेर आले होते. भर उन्हात इंदूने पाचही दिवे लावून ठेवले होते. मी म्हटलं, अगं, दिवसा कशाला? ती म्हणाली, “असू दे. लोकांना दिसू देत.”

जैनबचे सासरे अमीनसाहेब अंगणात बाजेवर बसले होते. उंच, करारी माणूस, ज्वारीचे मोठे शेतकरी. त्यांनी बसा म्हणायच्या आधीच मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चहा पोटात गेल्यावर माझं धैर्य राहिलं नसतं. त्या रात्रीचा अंधार दस्तगीरचा नव्हता, माझा होता, असं शेवटी म्हणालो आणि थांबलो. जैनब उंबऱ्यात उभी होती. तिचा नवरा गोठ्याकडून येता येता तिथेच थबकला.

अमीनसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“एवढं सांगायला विट्याहून आलात?”

“हो.”

“सात वर्षं लागली?”

“हो.”

ते दस्तगीरकडे वळले. “आणि तुम्ही ती लाईट किती वेळात आणलीत?”

“अकरा मिनिटं,” दस्तगीर म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही.

“फॉल्ट कुणी तरी पिशवीत घालून नेलेला, आणि तरी अकरा मिनिटांत,” अमीनसाहेब स्वतःशीच म्हणाले. मग थोडं सरकून त्यांनी बाजेवर जागा केली आणि दस्तगीरला हाताला धरून शेजारी बसवलं. “मुजावरसाहेब, मी बोलू नये ते बोलत आलो. पोरीने कधी तोंड वर करून उत्तर दिलं नाही. आज तिच्यासमोर सांगतो, माझं चुकलं.”

उंबऱ्यातली जैनब चटकन आत गेली. चहाची घाई असावी.

“आता कामाचं बोलतो,” ते पुढे म्हणाले. “धाकट्याचं लग्न मे महिन्यात आहे. मांडवाच्या लाईटचं काम कुणाला द्यावं या विचारात होतो. तुम्ही घ्याल?”

दस्तगीर ‘कंबर धरती’ म्हणाला नाही. तो ताठ बसला.

“घेतो,” तो म्हणाला. “पर माझी एक अट हाय.”

“बोला.”

त्याने माझ्याकडे बोट केलं. “ह्येला आवतण द्या. पुढच्या खुर्चीत बसवा, पोटभर जेवू घाला. पर मांडवात ह्येच्या हाताला तार लागू दिऊ नका.”

अमीनसाहेब इतके हसले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

समुद्र आम्ही पुढच्या महिन्यात बघितला. इंदू दोन तास घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि काही बोलली नाही. संध्याकाळी बसमधल्या दिव्याखाली बसून मात्र जैनबला फोनवर तासभर सांगत होती.

आणि मे महिन्यात ते लग्न झालं. मांडवात दोनशे दिवे होते, आरशावर वेगळा एक. जलव्याची वेळ झाली, कनातीच्या आत बायकांची गर्दी झाली. मी पुढच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो, आणि पलीकडे फ्यूजबोर्डाशी उभा असलेला दस्तगीर एकदाही बोर्डाकडे बघत नव्हता, तो सारखा माझ्या हातांकडे बघत होता.